दिंडीची चाल

गडकोट पालथे घालणाऱ्या आम्हा मंडळींत ‘किती वेळात चढलात?’ हा प्रश्न सर्वांत आधी विचारला जातो. त्यामुळे ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीबरोबर आळंदीहून निघताना, पंढरपूरपर्यंतच्या सुमारे 250 किलोमीटरांना अडीच आठवड्यांहून अधिक दिवस का लागावेत, याचे मला कुतूहल होते. या सोहळ्याला हैबतबाबा आरफळकरांनी 1832च्या सुमारास जी शिस्त लावून दिली, तिच्यात कोणी किती भरभर चालावे याला जागाच नाही. पुढे अश्व, मग रथापुढच्या 27 दिंड्या, मग रथ आणि त्यामागे उरलेल्या दिंड्या, असा क्रम ठरलेला असल्याने दिंडीत उभा राहिलेला माणूस सोहळ्याच्या चालीनेच चालतो.

पुणे ते सासवड हा सर्वांत लांब टप्पा. दिवे घाटात रथाला जादा बैलजोड्या जुंपतात, तरीही चढण सावकाशच सरते. माझा गिर्यारोहक मित्र पायथ्याशीच दिंडीतून बाहेर पडला आणि उजेड असतानाच तळावर पोहोचला. मोकळा वारा, खाली उतरत गेलेला डोंगर आणि आपल्याच दमाने केलेली चढाई यांचे सुख त्याच्या चेहऱ्यावर दिसत होते. ते सुख खरे आहे, हे मी मनापासून मानतो. मला मात्र वारीचा आनंद त्याने मागे सोडलेल्या गर्दीत सापडला.

दिंडीत टाळकऱ्यांच्या रांगा असतात, मध्ये मृदंग आणि मागे वीणा. पुढच्या रांगांनी अभंगाचा चरण म्हणायचा, मागच्यांनी तो उचलायचा, आणि हे होत असताना पाऊल ठेक्यावर पडले पाहिजे. माझ्या शेजारचे वयस्क टाळकरी टाळांची दोरी बोटांना घट्ट गुंडाळून चालत. मी अर्धे पाऊल पुढे गेलो की ते काही न बोलता टाळ जरा माझ्याकडे झुकवून वाजवत, आणि माझे पाऊल आपोआप मागे येई. या चालीत अंतर जाणवत नाही, कारण लक्ष पुढच्या गावावर नसून पुढच्या चरणावर असते. सपाट रस्त्यावर एकट्याने झपाझप चालताना मला जो कंटाळा येतो, तो येथे आला नाही.

पुढे चालणारे सगळेच वेगवान असतात असे मात्र नाही. पहाटे अंधारातच वाटेला लागणाऱ्या मोकळ्या समाजात, म्हणजे दिंडीबाहेर चालणाऱ्या वारकऱ्यांत, डोक्यावर बोचके घेतलेल्या कितीतरी वृद्ध माउली असतात. दिंडीची चाल त्यांना झेपत नाही, म्हणून त्या आधी निघतात, झाडाखाली टेकतात, पुन्हा उठतात. दुपारी रस्त्याकडेला बसून त्या मागून येणाऱ्या दिंड्यांचे भजन ऐकतात. सावकाश चालता यावे म्हणून लवकर उठणे, हा हिशेब मी तरी कोणत्याही पदभ्रमणात पाहिला नव्हता.

लोणंद ते तरडगाव हे अंतर जेमतेम आठ किलोमीटर. माझा मित्र ते दीड तासात सहज कापेल. पण वाटेत चांदोबाचा लिंब येथे उभे रिंगण होते, रस्त्यावरच्या दुतर्फा रांगांमधून अश्व धावतात, आणि तेवढ्या वाटेला सारी दुपार पुरत नाही. ही दुपार कोणालाही वाया गेली असे वाटत नाही.

आणि याच वारीत धावणेही आहे. तुकोबांना वेळापूरजवळच्या उतारावरून पंढरीचे कळस दिसले आणि ते धावत सुटले, अशी परंपरा सांगतात. म्हणून तेथे दिंड्या धावतात. पताका, वीणा, तुळशी डोक्यावर घेतलेल्या बाया, सगळेच. त्या धावण्यात मागे राहिलेल्याला कोणी तरी हात देतो, कारण तेथे आधी पोहोचण्याला काहीच किंमत नसते. मित्रही त्या दिवशी आमच्याबरोबर धावला. दुसऱ्या दिवशी भंडीशेगावच्या वाटेवर तो पुन्हा पुढे निघून गेला, आणि मी टाळकऱ्यांच्या रांगेत उभा राहिलो.