पंधरा दिवस आधी अर्ज करणारी घोडी

चाकण औद्योगिक वसाहतीतील वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात मी गुणवत्ता तपासणीचे काम करतो आणि खेड तालुक्यातील आमच्या घरी एक घोडी आहे. या दोन गोष्टी एका वाक्यात सांगितल्या तरी आमच्या भागातील माणसाच्या भुवया उंचावत नाहीत. उत्तर पुणे जिल्ह्यात बैलगाडा शर्यतीच्या घाटात, म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीवर, बैलांच्या पुढे घोडी पळवतात आणि माझ्या चुलत्यांनी, म्हणजे नानांनी, तरुणपणी अशा कितीतरी बाऱ्यांना (शर्यतीतल्या फेऱ्यांना) घोडी पळवली आहे. 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने शर्यती बंद झाल्या तेव्हा ओळखीच्या काही जणांनी घोड्या विकून टाकल्या. आमची मैना तेव्हा लहान शिंगरू होती, तिला नानांनी विकू दिले नाही. डिसेंबर 2021 मध्ये शर्यतींना पुन्हा परवानगी मिळाली आणि एप्रिल 2022 च्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही मैना फळवली, म्हणजे घोडा दाखवून गाभण करवली.

एरवीच्या दिवसांत नोकरी आणि घोडी यांचा मेळ बसवणे कष्टाचे असले तरी अशक्य नसते. दोन वेळची चंदी (दाण्याचा खुराक), कडबा आणि घास, दिवसाकाठी पंचवीस ते चाळीस लिटर पाणी, लीद काढणे, खरारा, फिरवून आणणे आणि सहा ते आठ आठवड्यांनी खुरांची छाटणी ही सगळी कामे ठरलेली असतात, आणि ठरलेले काम घरात वाटून घेता येते. माझी पाळी दर आठवड्याला बदलत असली तरी पहिली पाळी असेल तेव्हा संध्याकाळ माझी, दुसरी असेल तेव्हा सकाळ माझी आणि उरलेले नाना व माझी पत्नी पाहतात, अशी आमची घडी बसलेली होती. जे ठरवता येत नाही, घोडे तिथेच पेंड खाते.

घोडीचा गाभणकाळ सरासरी 340 दिवसांचा धरतात, पण 320 पासून 365 दिवसांपर्यंत केव्हाही ती विऊ शकते आणि त्यात गैर काही नसते. म्हणजे मैनाची तारीख 2023 च्या फेब्रुवारीच्या अखेरीपासून एप्रिलच्या दहा तारखेपर्यंत कुठेही पडू शकत होती. बहुतेक घोड्या रात्री वितात, आणि खरी वेण सुरू झाली, पाणी फुटले की वीस-तीस मिनिटांत सगळे आटोपते. काही अडले तर पशुवैद्याला बोलावून आणण्याइतका वेळ क्वचितच हाती असतो. जवळ असलेल्या माणसालाच ओळखावे लागते की पांढुरक्या पडद्याऐवजी लाल मखमलीसारखे काही दिसू लागले आहे आणि ते तत्काळ फाडले पाहिजे, नाहीतर शिंगरू आतच गुदमरेल. नानांना हे माझ्यापेक्षा जास्त कळते, परंतु मोतीबिंदूमुळे रात्री त्यांना नीट दिसत नाही. त्यामुळे त्या महिन्यात रात्री मी घरी असणे गरजेचे होते आणि माझी रात्रपाळी नेमकी मार्चच्या मध्यावर येत होती.

फेब्रुवारीतच मी आमच्या प्रॉडक्शन मॅनेजरांकडे गेलो. मार्चअखेरीचे उद्दिष्ट डोक्यावर असताना कोणीही रजा मागू नये असा त्यांचा दंडक होता. मी गाभणकाळाचे गणित सांगितले, ते त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, "नक्की तारीख सांगा, अर्ज द्या, बघू." नक्की तारीख नसतेच असे मी म्हटल्यावर त्यांनी हसून उत्तर दिले, "मग घोडीलाच सांगा ना, मार्च संपू दे म्हणून." शेजारी बसलेले दोघे हसले. मला राग आला, पण त्या हसण्यामागचा हिशेबही कळला. म्हैस आजारी आहे असे सांगणाऱ्या कामगाराला तेच साहेब निदान अर्धा दिवस तरी देत, कारण म्हैस म्हणजे प्रपंच. घोडा म्हटला की लग्नाची वरात नाहीतर श्रीमंतांचा शौक. हा समज दहा मिनिटांच्या बोलण्याने जाणार नव्हता, म्हणून मी तो घालवण्याच्या फंदात पडलो नाही.

टाइम ऑफिसमधील एका जुन्या कर्मचाऱ्याने मला नियमच दाखवला. तेव्हा लागू असलेल्या कारखाने अधिनियम, 1948 च्या कलम 79 प्रमाणे वर्षात ठरावीक दिवस काम केलेल्या प्रौढ कामगाराला दर वीस दिवसांच्या कामामागे एक दिवस भरपगारी रजा मिळत असे. मात्र अर्ज पंधरा दिवस आधी द्यावा लागे आणि ही रजा वर्षातून तीनपेक्षा जास्त वेळा घेता येत नसे. पंधरा दिवसांची अट शिथिल होई ती कामगार स्वतः आजारी असेल तर. जनावराचा उल्लेख त्यात कुठेही नव्हता, आणि तसा तो असावा अशी माझी अपेक्षाही नव्हती. इकडे मैना फार तर दोन-चार दिवसांची सूचना देणार होती. कायद्याचे पंधरा दिवस आणि तिचे दोन-चार दिवस यांची सांगड रजेच्या मार्गाने बसणार नाही, हे त्या दुपारी माझ्यापुरते स्पष्ट झाले आणि रजेचा विषय मी सोडून दिला.

मला खरे तर कामावर न येण्याची गरज नव्हती. मला फक्त रात्र मोकळी हवी होती. आमच्याच विभागात, माझ्याच कामावर, इतर दोन पाळ्यांत मंचर आणि राजगुरुनगरकडचे दोघे जण होते. दोघांच्या गावच्या यात्रा चैत्रात, म्हणजे मार्चच्या अखेरीपासून पुढे, आणि यात्रा म्हटली की घाटात शर्यत आलीच. त्यांना त्या दिवसांत मोकळीक हवी होती, मला मार्चच्या रात्री हव्या होत्या. मैना व्याली की त्यांच्या वाट्याच्या नको असलेल्या पाळ्या मी करायच्या आणि तोपर्यंत माझ्या रात्री त्यांनी वाटून घ्यायच्या, असे आम्ही कँटीनमध्ये ठरवले. घोडी का सांभाळायची, हे या दोघांना समजावून सांगावे लागले नाही.

तोंडी ठरलेले मॅनेजरपुढे टिकत नाही, म्हणून आम्ही तिघांनी मिळून एका कागदावर अर्ज लिहिला. त्यात घोडीचा शब्दही नव्हता. कोणत्या आठवड्यात कोण कोणत्या पाळीला येईल याचा तक्ता होता, तिघांच्या सह्या होत्या आणि तपासणीचे काम एकही पाळी रिकामे राहणार नाही, ओव्हरटाइमचा बोजा पडणार नाही, असे स्पष्ट लिहिले होते. पाळ्यांची अदलाबदल साप्ताहिक सुट्टीच्या दिवशीच होईल, म्हणजे कोणालाही सलग दोन पाळ्या कराव्या लागणार नाहीत आणि दिवसाच्या नऊ तासांची मर्यादा ओलांडली जाणार नाही, हेही टाइम ऑफिसच्या सल्ल्याने घातले. मॅनेजरांनी तक्ता दोनदा वाचला, एकाच ठिकाणी खाडाखोड केली आणि सही केली. सहानुभूतीचा एक शब्दही न बोलता त्यांनी केलेली ती सही मला पुरेशी होती.

दुसरी अडचण फोनची होती. तबेल्यात मी सिमकार्डवर चालणारा कॅमेरा बसवला होता, पण आमच्या विभागात मोबाइल नेता येत नाही. तो लॉकरमध्ये ठेवावा लागतो. दिवसा काही झाले तर निरोप कसा पोहोचणार? यावर गेटवरच्या सुरक्षारक्षकांचा साधा लँडलाइन फोन उपयोगी पडला. घरून फोन आला की त्यांनी रजिस्टरमध्ये वेळ लिहायची आणि आतल्या एक्स्टेंशनवर लाइनच्या इन्चार्जला कळवायचे, एवढीच विनंती मी केली. नोंद वहीत करण्याचा आग्रह माझा होता.

मार्चचा पहिला आठवडा उलटला तशी मैनाची कास भरू लागली. मग शेपटीच्या मुळाजवळचे स्नायू सैल पडले, आणि एका संध्याकाळी कामावरून येऊन पाहतो तर दोन्ही सडांच्या टोकांवर मेणाच्या मण्यांसारखे पिवळसर थेंब गोठलेले. त्या रात्री आम्ही तबेल्याबाहेर खाट टाकली. पावणेदोनच्या सुमारास ती पुन्हा पुन्हा उठू-बसू लागली, कुशीकडे वळून पाहू लागली, मानेवर घाम डवरला. पाणी फुटल्यानंतर पडदा दिसला तो पांढुरका होता. त्यातून आधी एक टाप, थोडी मागे दुसरी आणि त्यांवर टेकवलेले नाक. नाना अंधारात हाताने चाचपून म्हणाले, "सरळ आहे, हात लावू नको." दोन वाजून काही मिनिटांनी शिंगी, म्हणजे मादी शिंगरू, बाहेर आली. तासाभरात ती पायांवर उभी राहिली आणि चीक प्यायला लागली. पहिल्या सहा तासांत चीक पोटात जाणे महत्त्वाचे असते, कारण रोगाशी लढण्याचे बळ शिंगराला त्यातूनच मिळते आणि दिवसभरात त्याच्या आतड्याची ते शोषून घेण्याची क्षमता संपून जाते. नाळेला औषध लावून आम्ही वार (गर्भाशयातला जार) पडण्याची वाट पाहत बसलो.

वार पडेना. गाईची वार बारा तास राहिली तरी गावात फारशी धावपळ होत नाही, पण घोडीची तीन तासांत पडावी लागते. नाहीतर गर्भाशयात जंतुसंसर्ग होतो आणि त्याचा ताप थेट खुरांत उतरून घोडी कायमची लंगडी होऊ शकते. पाच वाजून गेले होते. कंपनीची बस पावणेसहाला निघते आणि माझी पाळी साडेसहाची. घोड्यांचे काम करणाऱ्या पुण्याच्या डॉक्टरांना फोन केला. त्यांनी लोंबणारा भाग ओढू नका, पायाखाली येऊ नये म्हणून वर गाठ मारून ठेवा, असे बजावले आणि तालुक्याच्या डॉक्टरांशी बोलून कोणते इंजेक्शन किती द्यायचे ते त्यांना सांगितले. मी पाच वाजून वीस मिनिटांनी गेटवर फोन करून दुपारपर्यंत येतो असे कळवले आणि रात्रपाळीच्या सहकाऱ्याला थांबता येईल का विचारले. तो नियमाच्या मर्यादेत बसेल तेवढा वेळ थांबला. इंजेक्शननंतर सातच्या आसपास वार पडली. नानांनी ती अंगणात पसरली, दोन्ही टोके शाबूत आहेत, कुठे तुकडा आत राहिलेला नाही, हे बोटे फिरवून तपासले आणि मगच पुरायला दिली.

दुपारी कामावर गेलो तेव्हा माझ्या नावावर विनापरवानगी गैरहजेरी लागलेली होती आणि दोन दिवसांनी खुलासा मागणारे पत्र हातात पडले. मी वाद घातला नाही. गेटच्या रजिस्टरमधील नोंद, तालुक्याच्या डॉक्टरांचा केसपेपर आणि लाइनवर काम थांबले नसल्याची इन्चार्जची सही, अशी तीन कागदांची जोड देऊन लेखी उत्तर दिले. एच.आर.ने त्या दिवसाची अर्धी नैमित्तिक रजा धरली आणि पत्र मागे घेतले. मॅनेजरांनी त्याविषयी माझ्याशी पुढे एक अक्षरही काढले नाही. मात्र त्यानंतर विभागातल्या आणखी काही जणांनी पाळीबदलाचे अर्ज आमच्याच नमुन्यात दिले तेव्हा त्यांनी ते अडवले नाहीत, हे नमूद करायला हवे. चैत्रातल्या पाळ्या मी ठरल्याप्रमाणे भरून दिल्या. सगळ्या यात्रा हुकल्या.

मैना पुन्हा फळवायची का, हा विषय घरी अधूनमधून निघतो. आमच्या कारखान्याचा देखभालीचा बंद मे महिन्यात आठवडाभर असतो, तेव्हा जूनच्या मध्यावर फळवली तर पुढच्या मेच्या तिसऱ्या आठवड्यात ती विईल, असे गणित मी एकदा नानांपुढे मांडले. त्यांनी ते ऐकून घेतले आणि विचारले, की पंचेचाळीस दिवस इकडेतिकडे होणाऱ्या घोडीला तुझ्या कंपनीचा तो आठवडा कोण सांगणार. आता नाना मोतीबिंदूचे ऑपरेशन करून घ्यायला तयार झाले आहेत आणि त्यासाठी मी रजेचा अर्ज पंधरा दिवस आधी दिला आहे.