वरातीमागून शब्द

आमचा दादा मुळातच कमी बोलतो. काही विचारलं की आधी तो विचार करतो, मग खाकरतो, मग कुठे एखादं वाक्य बाहेर पडतं. समोर बसलेला असताना हे चालून जायचं, कारण विचार चाललाय हे कपाळावरच्या आठ्यांवरून कळायचं. तो परदेशी गेला, आमचं बोलणं कॉम्प्युटरवरून सुरू झालं आणि आठ्या दिसेनाशा झाल्या. मग प्रत्येक प्रश्नानंतर माझा जीव टांगणीला.

"दादा, आहेस ना?"

"आहे गं."

हेडफोनची पिन हिरवी, माइकची गुलाबी. भोकं मात्र कॉम्प्युटरच्या पाठीमागे, टेबलाखालच्या अंधारात. तोंडात टॉर्च धरून, वायरींच्या जंजाळात हात घालून मी त्या खुपसायचे आणि हमखास उलट्या. पहिली पाच मिनिटं "ऐकू येतंय का?" यातच जायची. आमच्याही आधीच्यांचे हाल याहून वाईट. 1995 साली व्होकलटेक कंपनीचं 'इंटरनेट फोन' नावाचं सॉफ्टवेअर निघालं, तेव्हा कॉम्प्युटरमधला आवाज सांभाळणाऱ्या पुष्कळ साउंड कार्डांना एका वेळी एकच काम जमे, एक तर ऐका नाही तर बोला. आमच्या घरी हे प्रकरण आलं ते स्काइपमुळे, म्हणजे 2003 नंतर. तोवर दोघांनी एकदम बोलायची सोय झाली होती. दादाच्या बाबतीत तिचा काही उपयोग नव्हता, ती गोष्ट वेगळी.

हा आवाज जातो कसा, हे मला बऱ्याच उशिरा कळलं. साध्या टेलिफोनच्या वेळी दोन घरांमधली वाट बोलणं संपेपर्यंत आपल्यासाठी राखून ठेवलेली असायची. इथे तसं काही नाही. बोलणं बारीक चिरलं जातं, साधारण 20 मिलिसेकंदांचा एक तुकडा. म्हणजे सेकंदाला 50. प्रत्येक तुकडा जणू वेगळं पोस्टकार्ड, त्यावर पत्ता आणि अनुक्रमांक. साध्या फोनच्या दर्जाचा आवाज असेल तर एका कार्डावर मजकूर 160 बाइट आणि पत्त्याबित्त्याचा पसारा आणखी 40. मी "हॅलो" म्हटलं की पंचवीसेक कार्डं टपालात पडतात. ती एकाच वाटेने जातील, क्रमाने पोचतील, किंवा पोचतीलच, याची हमी कुणी देत नाही.

ईमेलचंही असंच असतं, पण तिथे घाई नसते. तुकडा हरवला तर "पुन्हा पाठव" म्हणायला सवड असते. बोलण्याला ती नाही. 1973 च्या सुमारास संगणकशास्त्रज्ञ डॅनी कोहेन आणि त्यांचे सहकारी अर्पानेटवरून, म्हणजे इंटरनेटच्या पूर्वजावरून, आवाज पाठवायच्या खटपटीत होते, तेव्हाच हे त्यांच्या ध्यानात आलं. फाइल उशिरा आली तरी पूर्ण हवी, आवाज अपुरा चालेल पण वेळेवर हवा. अशा आग्रहातूनच पुढे टीसीपीचे, म्हणजे तुकडे पोचवायच्या नियमांचे, दोन भाग झाले आणि 1980 मध्ये घाईच्या मजकुरासाठी यूडीपी हे वेगळं नियमपुस्तक आलं. त्याचा खाक्या अगदी फकिरी. आलं तर आलं, गेलं तर गेलं. मागे वळून बघणं नाही.

ऐकणाऱ्याच्या बाजूचा कॉम्प्युटर थोडा दम धरतो. कार्डं मागेपुढे येतात म्हणून क्षणभर ती जमवतो, क्रमाने लावतो आणि मग वाजवतो. फार वेळ थांबून मात्र चालत नाही. एका बाजूने दुसऱ्या बाजूला आवाज 150 मिलिसेकंदांच्या आत पोचला तर बोलणं सुरळीत वाटतं, त्यापुढे "तू बोल", "नाही, तू बोल" सुरू होतं. त्यामुळे ठरलेल्या क्षणानंतर आलेलं कार्ड सरळ टाकून दिलं जातं. वरातीमागून घोडे! मला याचंच सगळ्यात वाईट वाटतं. वाटेत हरवलेल्या शब्दाचं एक समजू शकते. पण दादाचा शब्द इतकं अंतर कापून माझ्या टेबलापर्यंत पोचलेला असतो आणि माझाच कॉम्प्युटर त्याला उंबऱ्यावरून परत लावतो. पडलेलं भोक बुजवायला आधीचाच आवाज जरा ताणतो. मग दादा पत्र्याच्या पिंपातून बोलल्यासारखा येतो.

एकदा मी विचारलं, "सुट्टीत येतोस का?" नेहमीसारखा विचार झाला, खाकरणं झालं आणि ऐकू आलं, "जमणार." मी त्याची खोली आवरली, गादीला ऊन दिलं, नातेवाइकांत दवंडी पिटली. पंधरा दिवसांनी विमानाची वेळ विचारली तर म्हणतो, "कसलं विमान?" तो "नाही जमणार" म्हणाला होता. त्याचं 'नाही' एरवीसुद्धा पुटपुटल्यासारखं असतं, जेमतेम 15 कार्डांचा ऐवज. ते कुठे गळलं कोण जाणे. आई मात्र दोन दिवस माझ्याशीच अबोला धरून होती.

आणि शांतता? ती तर बहुतेक वेळा पाठवतच नाहीत. दोघांच्या बोलण्यात एक जण साधारण निम्मा वेळ गप्पच असतो, मग रिकामी कार्डं कशाला धाडायची? पण पलीकडे अगदी निःशब्द झालं की माणसाला वाटतं, फोन तुटला. म्हणून ऐकणाऱ्याकडचं यंत्र स्वतःच एक मंद खरखर तयार करून कानात सोडतं. तिचं नावच दिलाशाची खरखर अशा अर्थाचं आहे. दादा गप्प असताना येणारी ती सळसळ मी कित्येक वर्षं त्याच्या खोलीतला पंखा समजत होते. ती ऐकली की बरं वाटायचं, तिथे बसलाय म्हणून. निघाला माझाच कॉम्प्युटर!

2025 च्या मे महिन्यात स्काइप बंद झालं. त्याआधीच आम्ही दुसरीकडे वळलो होतो. आता आवाज काचेसारखा स्वच्छ येतो. भोवतीचा गोंगाट गाळणारी सोयही त्यात आहे आणि ती भलतीच कर्तव्यदक्ष निघाली. पंखा गाळते, कुत्र्याचं भुंकणं गाळते आणि दादाचं खाकरणंही गाळते. म्हणजे होती नव्हती ती खूणही गेली.

परवा मी दोनदा "आहेस ना?" विचारल्यावर तो म्हणाला, "थांब, विचार करतोय."

उभ्या जन्मात त्याने हे वाक्य कधी उच्चारलं नव्हतं.