भरतीचं गणित मांडून निघा: ऐरोलीच्या खाडीत रोहित पाहताना

बाबांनी ठाण्याची खाडी 31 वर्षं रोज दोनदा ओलांडली. ठाणे-बेलापूर रोडवरच्या एका केमिकल कंपनीत ते फिटर होते. कंपनीची बस कळवा-विटाव्यावरून जायची आणि खाडीचा वास सुरू झाला की बसमधला जो तो नाकाला रुमाल लावायचा. त्याच खाडीत हजारोंनी रोहित, म्हणजे फ्लेमिंगो पक्षी, उतरतात हे त्यांनी रिटायर झाल्यावर पेपरात वाचलं आणि मला फोटो दाखवून म्हणाले, "हा आपल्या खाडीचा नसणार गं. कच्छचा असेल." मी म्हटलं, चला, डोळ्यांनीच बघून येऊ.

पहिल्यांदा गेलो ते फुकट गेलं, आणि चूक सगळी माझी होती. नोव्हेंबरचा दुसरा आठवडा, ऐरोलीच्या जैवविविधता केंद्रातल्या बोटीची ऐन भरतीची फेरी. बोट छान, हवा छान, खाडी काठोकाठ भरलेली, आणि रोहित म्हणाल तर पार दूरवर पंधरा-वीस ठिपके. बाबा काही बोलले नाहीत. परत येताना बोटवाले काका म्हणाले, "ताई, पाणी भरल्यावर पाखरू खाणार काय? चिखल उघडा पडाय लागला का येतंय ते. आणि आत्ताशी कुठं सुरुवात झालीय, फेब्रुवारीत या." जेट्टीला लागेपर्यंत त्यांनी मला तिथीवरून भरती काढायचं गणित शिकवलं. या लेखातून एकच गोष्ट न्यायची असेल तर ती हीच न्या.

तिथीचा आकडा घ्यायचा आणि त्याचा पाऊणपट करायचा. येईल ती पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थी असेल तर 3 वाजता, अष्टमीला 6 वाजता, एकादशीला सव्वाआठ, पौर्णिमा-अमावास्येला साधारण सव्वाअकरा ते बारा. शुद्ध पक्ष असो की वद्य, हिशोब तोच. दिवसातून दोन भरत्या, त्यामुळे दुपारी 3 ची असेल तर पहाटेही त्याच सुमाराला एक होऊन गेलेली असते. खाडीत आत शिरेपर्यंत पाण्याला थोडा वेळ लागतो, म्हणून ऐरोलीला हे आकडे जरा पुढे सरकवून धरायचे. मोबाइलवर भरतीचं वेळापत्रक मिनिटासकट मिळतं, ते जरूर बघा, पण घरी बसून कुठला रविवार धरायचा हे ठरवायला कॅलेंडरवरची तिथी पुरते.

आता बोटीचा पेच समजून घ्या. बोट चालायला पाणी लागतं आणि रोहिताला चरायला उघडा, ओला चिखल लागतो. पूर्ण भरतीला बोट मजेत फिरते पण पक्षी नसतात. पूर्ण ओहोटीला पक्षी चिखलावर पसरलेले असतात पण बोट जागची हलू शकत नाही. मधली जी वेळ आहे, भरती उलटल्यानंतरचे दोन-अडीच तास, ती गाठायची. केंद्रातल्या फेऱ्या भरतीच्या वेळेनुसारच ठरतात, म्हणून रोजची वेळ वेगळी असते. बुकिंग करताना त्या दिवशीची भरती किती वाजता हे आधी काढा आणि त्यानंतरची फेरी मागा. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी झपाट्याने ओसरतं, तेव्हा वेळेची चूक महागात पडते. अष्टमीच्या आसपास भांग असते, पाण्याची चढउतार कमी, चिखलही थोडाच उघडा पडतो.

दुसऱ्या खेपेला आम्ही फेब्रुवारीतला रविवार धरला. वद्य द्वादशी. बाराचा पाऊणपट नऊ, खाडीत साडेनऊ धरा. आम्ही अकराची फेरी घेतली.

ठाण्याहून ट्रान्स-हार्बरची गाडी पकडायची, ऐरोलीला उतरायचं. स्टेशनबाहेरून रिक्षा मिळते. सेक्टर 10 मधलं किनारी व सागरी जैवविविधता केंद्र असं सांगायचं. नुसतं 'फ्लेमिंगो सेंटर' म्हटलं तरी बहुतेक रिक्षावाल्यांना कळतं. केंद्र सोमवारी बंद असतं. शनिवार-रविवारच्या जागा फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये भराभर संपतात, तेव्हा आधीच नोंदणी करा. अर्धा तास आधी पोचा, कारण लाइफ जॅकेट घालणं वगैरे होईपर्यंत वेळ जातो. बोटीत स्वच्छतागृह नाही, ज्येष्ठ मंडळींना निघण्याआधी आठवण करा. बोटीत पाय टाकताना ती हलते, म्हणून बाबांना मी मधल्या जागेवर बसवलं.

जेट्टीपाशी थांबलो तिथेच पहिला अर्धा आनंद मिळाला. तिवरांची श्वसनमुळं चिखलातून पेन्सिलींसारखी वर आलेली, आणि त्यांच्यामधून निवट्या उड्या मारत होत्या. आपण निवटी बाजारात टोपलीत बघितलेली असते, रस्सा करून खाल्लेली असते. जिवंत निवटी चिखलावर पंखांच्या कोपरांवर रेलून बसलेली बघणं ही वेगळीच गोष्ट आहे. मासा असून ती पाण्याबाहेर तासन्‌तास राहते. कल्ल्यांच्या पोकळीत पाणी धरून ठेवते, आणि ओल्या कातडीतूनही श्वास घेते. म्हणूनच मधूनमधून चिखलात कूस बदलून अंग ओलं करते. एका निवटीने आमच्यासमोर पाठीवरचा पंख ताडकन उभा केला आणि दुसरीला हाकललं. बाबा दहा मिनिटं तिथून हलेनात.

बोट निघाली. एका बाजूला ऐरोली, पलीकडे भांडुप-कांजूरकडच्या इमारती, मध्ये विजेचे मनोरे. तिवरांच्या कडेला बगळे, एक खंड्या, लांब लाल पायांचे शेकाट्या. कुरव, म्हणजे सीगल, बोटीच्या मागे मागे येत होते. त्यांना शेव-फरसाण टाकायची सवय लोकांनी लावली आहे, ती कृपा करून मोडा. तळलेलं खाणं हे त्या पक्ष्यांचं अन्न नव्हे.

पंधरा-वीस मिनिटांनी समोरच्या चिखलाच्या पट्ट्यावर गुलाबी रेघ दिसली. मला वाटलं, उन्हाची तिरीप असेल. बोट जवळ गेली तशी रेघेला पाय फुटले. काकांनी इंजिन बंद केलं आणि हळूच म्हणाले, "उभं नका ऱ्हाऊ कोणी." बोट नुसती पाण्यावर तरंगत राहिली, आणि मग आवाज आला. हजार माणसांनी एकाच वेळी हलक्या आवाजात गप्पा माराव्यात तसा घोगरा कलकलाट. फोटोत हा आवाज नसतो, म्हणून कोणी सांगितलेला नव्हता.

बाबांच्या हातात दुर्बीण दिली आणि त्यांना फरक ओळखायला सांगितला. आपल्याकडे दोन जाती येतात. मोठा रोहित उंच, माणसाच्या छातीला लागेल एवढा, अंगाने फिकट, जवळजवळ पांढरा, आणि चोच गुलाबी, फक्त टोकाला काळी. लहान रोहित ठेंगणा, रंगाने गडद, आणि चोच दुरून काळी वाटेल इतकी गर्द लालसर. ठाण्याच्या खाडीत गर्दी असते ती लहान रोहितांची. चोच बघा, उंचीच्या नादी लागू नका, कारण चिखलात पाय किती रुतलाय यावर उंची फसवते. मधूनच मातकट राखाडी पक्षी दिसले तर ती वेगळी जात नव्हे, ती पिल्लं. रंग चढायला दोन-तीन वर्षं लागतात, आणि तो रंग खाण्यातून येतो.

सगळ्यात जवळचा पक्षी बोटीपासून फार तर तीस-चाळीस पावलांवर होता. मान खाली, डोकं पूर्ण उलटं, चोचीचा वरचा भाग चिखलाकडे. त्या बाकदार चोचीत बारीक चाळणी असते. जीभ पिचकारीच्या दट्ट्यासारखी मागे-पुढे होते, पाणी आत ओढते आणि बाहेर फेकते, आणि डोळ्यांना न दिसणारं शेवाळ मागे अडकतं. तो पाय जागच्या जागी आपटत होता, आपल्याकडे कणिक तुडवावी तसा, आणि त्याच्याभोवती चिखलात गोल खळगा पडत गेला. बाबा हळूच म्हणाले, "अगं, याचा गुडघा मागे वाकतो." तो गुडघा नाहीच, तो घोटा. खरा गुडघा वर पिसांत लपलेला असतो. एका पायावर झोपलेले तर कितीतरी होते. त्यात त्यांना कष्ट पडत नाहीत. 2017 मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवलं की त्या पायाची ठेवणच अशी आहे की एका पायावर तोल धरायला स्नायूंना जवळजवळ जोर लावावा लागत नाही.

मग एक थवा आपणहून उठला. बसलेला असताना गुलाबी-पांढरा दिसणारा पक्षी पंख उघडतो तेव्हा आतून लालभडक आणि काळा निघतो. अग्निपंख हे रोहिताचं दुसरं नाव कोणी ठेवलं असेल त्याने हा क्षण पाहिला असणार. बाबांनी दुर्बीण खाली घेतली आणि साध्या डोळ्यांनी बघत राहिले.

परतीच्या वाटेवर त्यांनी विचारलं, हे जन्मतात कुठे? हे सांगितल्यावाचून ही सहल पुरी होत नाही. लहान रोहित जगात मोजक्याच ठिकाणी अंडी घालतो. आफ्रिकेत टांझानियातलं नॅट्रॉन सरोवर, बोट्स्वाना आणि नामिबियातली खारी मैदानं, मध्यंतरी काही वर्षं दक्षिण आफ्रिकेतही एक जागा, आणि आपल्याकडे कच्छच्या रणाचा परिसर. नॅट्रॉनचं पाणी सोड्याने इतकं तीव्र की इतर प्राण्यांची कातडी पोळते, म्हणून शिकारी घरट्यांपर्यंत पोचत नाहीत. चिखलाच्या बुटक्या शंकूवर एकच अंडं. आई-बाप दोघंही पिल्लाला गळ्यातून लाल रंगाचं दूध पाजतात. लाखोंनी दिसतो म्हणून हा पक्षी सुखात आहे असं समजू नका. जागतिक यादीत तो संकटसमीप आहे, कारण त्या चार-पाच जागांतली एखादी बिघडली तर पिढीच्या पिढी जाते. रोहितांच्या जगात एकूण सहा जाती आहेत. त्यातली अँडीज पर्वतातली एक जात संपलीच असं धरलं गेलं होतं, ती 1956 मध्ये दुर्गम भागातल्या तळ्यांत पुन्हा सापडली.

आणि आपल्या खाडीत ते का येतात? 1990 च्या दशकात ते आधी शिवडीला मोठ्या संख्येने दिसू लागले. शहराचं सांडपाणी खाडीत येतं, त्यातल्या पोषकद्रव्यांवर शेवाळ माजतं आणि ते शेवाळ यांना चालतं, असं अभ्यासक सांगतात. बाबा ज्या पाण्याला रुमाल लावायचे तेच पाणी. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हणजे आम्ही सोडलेलं खाऊन जगतायत होय." मला वाटतं त्यांना ते बरं वाटलं नाही, आणि वाटूही नये. शेवाळ चालतं म्हणून कारखान्यातलं विषही चालेल असा त्याचा अर्थ होत नाही.

2015 मध्ये खाडीचा सुमारे 17 चौरस किलोमीटरचा भाग रोहित अभयारण्य झाला आणि 2022 मध्ये त्याला रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा ही मान्यता, मिळाला. नांदूरमध्यमेश्वर आणि लोणारनंतर महाराष्ट्रातला हा तिसरा. पण नकाशावरच्या अभयारण्याच्या रेषेने पक्ष्याचं भागत नाही. भरती चढली की खाडीतला चिखल बुडतो आणि रोहितांना उभं राहायला दुसरी उथळ जागा लागते. ती जागा म्हणजे नेरूळ-सीवूड्सकडच्या पाणथळी, टी. एस. चाणक्य या जहाजावरच्या नोकरीचं शिक्षण देणाऱ्या संस्थेच्या मागचा भाग, एनआरआय संकुलाजवळची तळी. ओहोटीला खाडी हे त्यांचं ताट, भरतीला या पाणथळी हे त्यांचं अंगण. पाणथळ बुजवली, तिचं खाडीशी असलेलं पाणी तोडलं, की हजारो पक्षी भरतीच्या वेळी आकाशात घिरट्या घालत राहतात. मे 2024 मध्ये घाटकोपरच्या आकाशात उतरत्या विमानाची धडक बसून 39 रोहित मेले. त्या रात्री ते कुठून कुठे निघाले होते ते मला सांगता येणार नाही, पण पंतनगरच्या गल्लीत पडलेल्या त्या गुलाबी पिसांचे फोटो मी विसरू शकत नाही.

म्हणून ज्यांना बोट परवडत नाही किंवा पाण्याची भीती वाटते त्यांना माझा सल्ला उलटा आहे. नेरूळ-सीवूड्सला जा, पण ऐन भरतीला जा. काठावर शांत बसा, कुत्रा सोबत नको, ड्रोन तर नकोच नको. दगड मारून थवा उडवून रील करणारी मुलं भेटतात. त्यांना ओरडू नका, त्यांच्या हातात दुर्बीण द्या. मी दिली होती, त्यातला एक मुलगा अंधार पडेपर्यंत बसून होता.

सामानाचं सांगायचं तर टोपी, पाणी आणि 8×42 ची दुर्बीण एवढं पुरे. मोबाइलच्या कॅमेऱ्यात गुलाबी ठिपकेच येतील, तेव्हा निम्मा वेळ फोन खिशात ठेवा. कपडे मातकट रंगाचे. अकरानंतर पाण्यावरून ऊन डोळ्यांवर येतं, चष्मा असू द्या. मे महिन्यातही पक्षी असतात, पण उकाडा ज्येष्ठांना सोसत नाही. पहिला पाऊस जवळ आला की ते निघतात.

बाबांनी परवा कालनिर्णय खाली काढून पुढचे रविवार तपासले. येत्या षष्ठीला साडेचारची भरती आहे. आम्ही नेरूळला जाणार आहोत.