अंगठ्याचा ठेका

शनिवार, रात्रीचे साडेअकरा

अंगठा अजून ऐकत नाही. गिटारच्या बेसच्या तारांवर त्याने एकसारखा ठेका धरायचा आणि वरच्या तारांवर तर्जनीने चाल वाजवायची, एवढंच काम. पण तर्जनी चालीत शिरली की अंगठाही तिच्यामागे धावतो आणि ठेका सुटतो. तीन महिने झाले, नॉर्थ कॅरोलायनाच्या काळ्या गिटारवादक एटा बेकर यांच्या ‘वन डाइम ब्लूज’च्या सुरुवातीलाच मी अडकले आहे. त्यांच्या हाताखाली तेच इतकं सहज वाजतं की पहिल्यांदा ऐकताना मला दोन गिटारी वाटल्या होत्या.

आज न राहवून शार्लटहून गाडी काढली आणि मॉर्गनटनला जाऊन आले. हिकरी मागे पडलं की ब्लू रिजचे डोंगर समोर यायला लागतात, आधी ढगांसारखे, मग खरे. गावात एटाबाईंचा ब्राँझचा पुतळा आहे, हातात गिटार. मी बराच वेळ फक्त त्यांच्या बोटांकडे बघत उभी होते.

त्यांचा जन्म १९१३चा, इथून जवळच्याच कॉल्डवेल काउंटीतला. वडील बून रीड बँजो आणि गिटार दोन्ही वाजवायचे. एटाबाई तीन वर्षांच्या असताना शिकायला लागल्या. गिटार त्यांच्यापेक्षा मोठी. मांडीवर मावेना, म्हणून ती पलंगावर आडवी ठेवायची आणि आपण जमिनीवर उभं राहून वाजवायचं. हे त्यांनीच सांगून ठेवलंय. ते चित्र माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. पलंगाच्या कडेला टेकलेली हनुवटी असेल, आणि हात तारांपर्यंत कसाबसा पोचत असेल.

पुढे लग्न, नऊ मुलं, आणि कापडगिरणीत २६ वर्षं नोकरी. साठीला आल्यावर त्यांनी गिरणी सोडली आणि मग कार्यक्रमांसाठी गावोगाव फिरायला लागल्या. मधल्या सगळ्या काळात या चाली कुठे होत्या? घरात होत्या, स्वयंपाक आणि गिरणीची पाळी यांच्या मधल्या वेळात. संग्रहालय नाही, शिष्यवृत्ती नाही. त्या वाजवत राहिल्या म्हणून चाली राहिल्या. जपणं या शब्दाचा अर्थ मला इथे नीट कळला.

एकदाच, १९५६च्या उन्हाळ्यात, दार थोडं उघडलं. ब्लोइंग रॉक गावाजवळच्या कोन नावाच्या घराण्याच्या जुन्या वाड्यावर एटाबाईंचं कुटुंब सहलीला गेलं होतं. तिथे पॉल क्लेटन हा लोकगीतं गोळा करणारा गायक भेटला. वडिलांनी त्याला सांगितलं, माझ्या मुलीचं वाजवणं ऐका. दुसऱ्या दिवशी तो टेपरेकॉर्डर घेऊन घरी हजर! त्यातून दक्षिण अ‍ॅपलाशियाच्या, म्हणजे या डोंगराळ पट्ट्याच्या, वाद्यसंगीताची जी तबकडी निघाली, तिच्यात एटाबाई आहेत, बँजोवर त्यांचे वडील आहेत, आणि त्याच तबकडीवर व्हर्जिनियाचे गोरे वादक होबार्ट स्मिथही आहेत. सगळे एकाच डोंगराचे म्हणून शेजारी शेजारी.

हे शेजारी असणं साधं नव्हतं. १९२०च्या दशकात तबकड्यांच्या कंपन्यांनी दोन वेगळ्या याद्या केल्या होत्या. काळ्यांसाठी ‘रेस रेकॉर्ड्स’, गोऱ्या खेडुतांसाठी ‘हिलबिली’. काळ्या माणसाने ब्लूज गायचे, फिडल (म्हणजे व्हायोलिन) आणि बँजो गोऱ्यांचे, अशी ती वाटणी. खेड्यात तर दोघे एकमेकांच्या चाली उचलत होते, एकमेकांच्या नाचांना वाजवत होते. पण फिडल-बँजो वाजवणाऱ्या काळ्या वादकांना कुठल्या यादीत घालायचं हे कंपन्यांना कळेना, म्हणून त्यांच्या तबकड्या फारशा निघाल्याच नाहीत. पुढच्या पिढ्यांनी तबकड्या ऐकून इतिहास लिहिला आणि डोंगरातलं संगीत म्हणजे गोऱ्यांचं, असं ठरून गेलं. बँजो तर आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांनी सोबत आणलेली विद्या. भोपळ्यावर कातडं ताणून केलेलं वाद्य. ते त्यांच्याच नातवंडांना परकं ठरावं, याची मला खरंच चीड येते.

काळे गिटारवादक लेस्ली रिडल यांचंही असंच. बर्न्सव्हिलचे. एक पाय अपघातात गेलेला. डोंगरी गाण्यांच्या तबकड्यांमुळे गाजलेल्या गोऱ्या कार्टर कुटुंबातले ए. पी. कार्टर गाणी गोळा करत हिंडायचे तेव्हा हे सोबत असायचे. कार्टर शब्द लिहून घ्यायचे, चाल रिडल डोक्यात ठेवायचे आणि घरी येऊन कार्टर कुटुंबाला शिकवायचे. तबकड्यांवर नाव कार्टरांचं.

१९९१ साल मला फार आवडतं. त्या वर्षी ७८ वर्षांच्या एटाबाईंना अमेरिकेचा राष्ट्रीय लोककला सन्मान मिळाला आणि त्यांची स्वतःची पहिली स्वतंत्र तबकडी निघाली. त्याच वर्षी केंटकीचे काळे कवी फ्रँक एक्स वॉकर यांनी आफ्रिकन आणि अ‍ॅपलाशियन जोडून ‘अ‍ॅफ्रिलाचियन’ हा शब्द घडवला, कारण शब्दकोशातल्या अ‍ॅपलाशियन माणसाच्या व्याख्येत त्यांना स्वतःला जागा नव्हती. आपण आहोत हे सांगायला आधी शब्द घडवावा लागला!

आज हा वारसा गायिका आणि बँजोवादक रियानन गिडन्ससारखे लोक पुढे नेतात. २००५ साली डोंगरातल्या बून गावात काळ्या बँजोवादकांचा मेळावा भरला होता. त्यानंतर ती आणि तिचे दोन सोबती मेबनला राहणाऱ्या ऐंशीपुढच्या काळ्या फिडलवादक जो थॉम्पसन यांच्या घरी जाऊन फिडलवरच्या चाली शिकायला लागले. मेबन डोंगरात नाही, सपाटीवर आहे, पण शिकण्याची रीत तीच, समोर बसून. आणि मंचावर ती चाल वाजवताना ही कुणाकडून आली ते सांगायचं. मला यातलं सांगणं वाजवण्याइतकंच मोलाचं वाटतं. गाणं नुसतं आलं तर ते कुणाचंही होतं.

घरी आल्यावर आईला फोन केला. तिकडे सकाळचे नऊ वाजले होते. म्हटलं, तुझी भोंडल्याची गाणी म्हण, मी रेकॉर्ड करते. लाजत लाजत तिने तीन म्हटली. तिसरं मी कधीच ऐकलं नव्हतं. विचारलं, हे कुणी शिकवलं तुला?

“शिकवलं कुणी नाही गं, सगळ्याच म्हणायच्या.” मग जरा थांबून म्हणाली, “नाही, हे त्या पलीकडच्या काकूंचं. त्या माहेरून घेऊन आल्या होत्या.”

“नाव काय त्यांचं?”

बराच वेळ ती बोलली नाही. “आम्ही काकूच म्हणायचो गं. थांब, मामीला विचारते.”

वहीत तिन्ही गाणी उतरवली. तिसऱ्याच्या वर एक ओळ मोकळी ठेवली आहे.