मेन्यूतलं चालू पान ठळक करताना

वेबसाइटच्या मेन्यूत सात लिंका होत्या. वाचक ज्या पानावर असेल, त्याची लिंक ठळक दिसायला हवी, एवढंच काम. आधी मी प्रत्येक पानाच्या एचटीएमएलमध्ये हाताने ‘ॲक्टिव्ह’ क्लास, म्हणजे सीएसएसला ओळखता येणारी खूण, लिहायचे. मेन्यू सामाईक फाइलमध्ये हलवल्यावर ते शक्य राहिलं नाही, आणि मी जावास्क्रिप्टकडे वळले.

पहिल्यांदा क्लिक झालेल्या लिंकला क्लास लावला. रंग क्षणभर बदलला आणि नवं पान उघडताच गेला. नवं पान म्हणजे नवा डॉम, ब्राउझरने पानाची नव्याने उभारलेली रचना. आधीच्या पानावर केलेलं तिथे काही पोचत नाही. तेव्हा क्लिकचा नाद सोडला आणि पान उघडल्यावर पत्ता वाचायचं ठरवलं.

पत्त्यात लिंकचा एचरेफ (ती जिथे नेते तो पत्ता) सापडतो का, हे ‘इन्क्लूड्स’ने तपासलं, तर मुखपृष्ठाची लिंक सगळीकडेच ठळक! तिचा पत्ता नुसता स्लॅश, आणि तो कुठल्याही पत्त्यात असतोच.

मग दोन्ही बाजू तंतोतंत जुळवायला घेतल्या. इथे अर्धा दिवस गेला. ‘गेट-ॲट्रिब्यूट’ एचरेफ फाइलमध्ये लिहिला असेल तसाच देतं, तर लिंकची एचरेफ प्रॉपर्टी डोमेनसकट पूर्ण पत्ता देते. पूर्ण पत्ता घेतला की प्रश्नचिन्हानंतरचा आणि हॅशनंतरचा भागही सोबत येतो. अखेर कळलं की लिंकलाही स्वतःचं ‘पाथनेम’ असतं, म्हणजे पत्त्याचा डोमेननंतरचा आणि प्रश्नचिन्ह-हॅशच्या आधीचा भाग. ते ‘लोकेशन’च्या, म्हणजे उघडलेल्या पानाच्या पत्त्याच्या, पाथनेमशी ताडलं की बाकीचं सगळं आपोआप गळतं. शेवटचा स्लॅश आणि ‘इंडेक्स डॉट एचटीएमएल’ काढणारं छोटं फंक्शन मात्र लिहावं लागलं.

एखादा लेख उघडल्यावर मेन्यूत ‘लेख’ विभागही ठळक हवा होता. त्यासाठी पानाचा पत्ता विभागाच्या पत्त्याने सुरू होतो का, हे ‘स्टार्ट्स-विथ’ने तपासलं. पण ‘लेखक’ पानावरही ‘लेख’ उजळला, कारण सुरुवातीची अक्षरं तीच. तुलनेआधी विभागाच्या पत्त्याला स्लॅश जोडला आणि ते मिटलं. मुखपृष्ठासाठी तंतोतंत जुळणीच ठेवली.

मला सगळ्यात मोलाची वाटते ती यानंतरची दुरुस्ती. स्क्रीन रीडर (पान बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर) लावून मेन्यू ऐकला, तर सातही लिंका सारख्याच. डोळ्यांनी पाहणाऱ्याला आपण कुठे आहोत ते कळत होतं, ऐकणाऱ्याला नाही. मग क्लास काढून टाकला आणि त्याजागी ‘एरिया-करंट’ (aria-current) हे चालू लिंक कोणती ते स्क्रीन रीडरला सांगणारं ॲट्रिब्यूट लावलं: चालू पानाला ‘पेज’, त्याच्या विभागाला ‘ट्रू’. सीएसएसचा सिलेक्टरही त्याच ॲट्रिब्यूटवर बेतला. नुसता रंग प्रत्येकाला ओळखू येत नाही म्हणून खाली जाड रेघ दिली. अक्षरं जाड करून पाहिली होती, पण त्याने शेजारच्या लिंका सरकत होत्या.

पुन्हा स्क्रीन रीडर लावला. तिसऱ्या लिंकवर आल्यावर नावापाठोपाठ ‘करंट पेज’ ऐकू आलं.