तुम्ही विचारलंत म्हणून: सगळ्यात चकित करणारा नकाशा

"इतके नकाशे बघत असता, त्यातला सगळ्यात चकित करणारा कोणता?" असं लोक मला हटकून विचारतात. बहुतेकांना ग्रीनलंडचं उत्तर अपेक्षित असतं. मर्केटरच्या १५६९च्या नकाशाच्या पद्धतीत ग्रीनलंड आफ्रिकेएवढं दिसतं आणि प्रत्यक्षात आफ्रिका त्याच्या चौदा पट आहे. हे सांगण्यासारखं आहेच. पण माझं उत्तर समुद्रातलं आहे.

शाळेत आपण देश रंगवतो आणि उरलेल्या जागी निळा रंग फासतो. त्या निळ्यातला एकटा प्रशांत महासागर पृथ्वीवरच्या सगळ्या जमिनीपेक्षा मोठा आहे! अ‍ॅथेलस्टन स्पिलहाउस या समुद्रशास्त्रज्ञाच्या नकाशात पाणी मधोमध आहे आणि खंड कडेला गेलेत. तो बघताना लक्षात येतं की महासागर एकच आहे, नावं तेवढी पाच. मार्शल बेटांवरचे दर्यावर्दी तर झावळीच्या काड्या बांधून नकाशा करत. वाकवलेली काडी म्हणजे बेटाला अडून वळलेली लाट, कवडी म्हणजे बेट. तो पाठ करून किनाऱ्यावरच ठेवायचा आणि निघायचं. पुढे होडी कशी डोलते यावरून लाट अंगाला कळायची.

आणि मग भूशास्त्रज्ञ मेरी थार्पचा नकाशा. माझं उत्तर हेच.

१९५२च्या सुमारास ती न्यूयॉर्कजवळच्या लॅमाँट या भूशास्त्राच्या वेधशाळेत अटलांटिकच्या खोलीचे आकडे कागदावर उतरवत होती. आकडे बोटींवरून यायचे. संशोधनाच्या बोटीवर तेव्हा बायकांना नेत नसत. अटलांटिकच्या मधोमध डोंगररांग आहे हे आधीच माहीत होतं. थार्पला त्या रांगेच्या माथ्यावर, एकामागून एका छेदात (तळ उभा कापला तर दिसेल अशा रेखाटनात), खोल दरी दिसली. म्हणजे तळ तिथे उलतोय, खंड एकमेकांपासून सरकताहेत. तिचा सहकारी ब्रूस हीझन याने ते 'बायकी गप्पा' म्हणून उडवून लावलं, कारण खंड सरकतात असं म्हणणं तेव्हा पाखंडच होतं. शेजारच्या टेबलावर मात्र दुसरा एक जण समुद्रातल्या भूकंपांचे ठिपके त्याच मापाच्या नकाशावर मांडत होता. दोन्ही कागद खालून दिवा असलेल्या टेबलावर एकावर एक ठेवले, तर भूकंप थेट तिच्या दरीत पडत होते. हीझनला पटेपर्यंत बरेच महिने गेले.

एक गोष्ट मला फार आवडते. शीतयुद्धामुळे अमेरिकेच्या नौदलाने खोलीचे नेमके आकडे गुप्त ठेवले होते, त्यामुळे ते छापता येत नव्हते. म्हणून तिने पाणी काढून टाकल्यावर दिसेल तसा तळच चितारला, डोंगर, उतार, दऱ्या. उत्तर अटलांटिकचा असा नकाशा १९५७ला आला. १९७७ला सगळ्या जगाचा आला, हाइनरिश बेरान या चित्रकाराने रंगवलेला. त्यात ती रांग सुमारे ६५,००० किलोमीटर, पृथ्वीला वेढा घालत गेलेली दिसते.

तो नकाशा उघडला की मी आधी ग्रीनलंडच्या शेजारी आइसलंड शोधते. तिथे ती रांग पाण्याबाहेर येते आणि थार्पला कागदावर दिसली तशी दरी पायी उतरता येते.