तुम्ही विचारलंत म्हणून : पासबुक अजून यजमानांच्याच हाती का?

"सगळे मोबाइलवर दोन मिनिटांत होते, मग यजमानांना घेऊन तुम्ही महिन्यातून दोनदा बँकेत कशाला जाता?" नात्यातल्या आणि शेजारच्या बायका हा प्रश्न मला इतक्यांदा विचारतात की त्याचे उत्तर एकदा नीट लिहून काढावे असे वाटले. यजमान ८१ वर्षांचे आहेत आणि मी ६९ वर्षांची. ते पाटबंधारे खात्यातून शाखा अभियंता म्हणून निवृत्त झाले. त्यांच्याकडे बटणांचा साधा फोन आहे, आणि या वयात त्यांनी दुसरा शिकावा अशी सक्ती मला करावीशी वाटत नाही.

काही वर्षे मीही सगळे मोबाइलवरच करत होते. वीजबिल, गॅस, औषधे, मुदत ठेवींचे नूतनीकरण, यातले काहीच त्यांच्यापर्यंत पोहोचत नसे, आणि त्यांचा त्रास वाचतो याचे मला समाधान होते. २०२२ च्या पावसाळ्यात मी न्हाणीघरात घसरून पडले, मांडीचे हाड मोडले आणि मिरजेला अकरा दिवस दवाखान्यात राहावे लागले. आगाऊ रक्कम भरायची म्हणून यजमान बँकेत गेले, तेव्हा पासबुकातली शेवटची नोंद चौदा महिन्यांपूर्वीची होती. हात कापत असल्यामुळे स्लिपवरची सही बँकेतल्या जुन्या नमुना सहीशी जुळेना, आणि ठेव मोडायची तर दोघांच्याही सह्या लागतील असे सांगण्यात आले. शेवटी धाकट्या दिरांनी पैसे भरले. ज्यांनी आयुष्यभर कालव्यांच्या कामांची बिले तपासली, त्यांना स्वतःच्या खात्यात किती रक्कम आहे हे सांगता येऊ नये, आणि त्याला माझी मदतच कारण व्हावी, हे मला फार लागले.

बँकेने नियमच सांगितला होता. तो आम्हाला ठाऊक नव्हता. आमची सगळी खाती 'आयदर ऑर सर्व्हायव्हर' पद्धतीची, म्हणजे दोघांपैकी कोणीही किंवा मागे राहील तो, अशी आहेत. एवढे लिहिले की कुठेही एकाची सही चालते असा आमचा समज होता. बचत खात्याला ती चालते, मुदत पूर्ण झालेल्या ठेवीलाही चालते. परंतु मुदतीआधी ठेव मोडायची असेल तर दोघेही हयात असताना दोघांच्या सह्या लागतात. मुदतीआधीच दोघांपैकी एक गेला, तर मागे राहिलेल्याला एकट्याला ती ठेव मोडू द्यावी असे दोघांनी आधी लेखी दिलेले असावे लागते; तसे नसेल तर गेलेल्याच्या वारसांची संमती आणण्याची वेळ येते. मी कुबडी घेऊन चालू लागल्यावर आम्ही पहिले काम केले ते हे पत्र प्रत्येक ठेवीसाठी देण्याचे, आणि त्याच दिवशी यजमानांच्या आजच्या कापऱ्या सहीचा नवा नमुनाही दिला. पुढे सहीच करता आली नाही, तर दोन साक्षीदारांसमोर, ज्यांतला एक बँकेचा अधिकारी असतो, अंगठा घेऊन पैसे देण्याची सोय आहे, हेही तेव्हाच विचारून घेतले.

तेव्हापासून घरात एक वही आहे. यजमानांच्या पाटबंधारे खात्यात कामाची मोजमाप पुस्तिका असे; तिच्यात खाडाखोड चालत नाही, चुकलेला आकडा एका रेघेने छेदून वर बरोबर आकडा लिहायचा आणि बाजूला आद्याक्षरे करायची. आमची वही त्यांनी त्याच शिस्तीने आखली आहे. बँकेचे संदेश त्यांच्याच फोनवर येतात. इंग्रजी अक्षरे बारीक असल्यामुळे मी वाचून दाखवते, ते लिहितात, आणि महिन्यातून दोनदा पासबुक छापून आणून आम्ही दोन्ही ताडून पाहतो. मागे एकदा 'वीजबिल थकले आहे, आज रात्री जोडणी तोडणार' असा फोन आला होता; यजमानांनी वही काढली, बिल कोणत्या तारखेला भरले ते समोरच्याला वाचून दाखवले आणि फोन ठेवला. मी तेव्हा भाजी आणायला गेले होते.

मोबाइल मी सोडलेला नाही. त्यासाठी माझ्या एकटीच्या नावाने वेगळे बचत खाते काढले आहे आणि त्यात घरखर्चापुरतीच रक्कम ठेवते. निवृत्तिवेतनाचे खाते आणि ठेवी कोणत्याही ॲपला जोडलेल्या नाहीत. आमच्या वयाच्या सर्वांनी निदान एवढे तरी करावे असे माझे आग्रहाचे मत आहे, कारण फोन हरवला किंवा हातून चूक झाली तरी नुकसानीला मर्यादा राहते. ठेवीही दोन बँकांत विभागल्या आहेत, कारण बँक बुडाली तर ठेवींना विम्याचे संरक्षण एका ठेवीदाराला एका बँकेत व्याजासह ५ लाख रुपयांपर्यंतच असते.

नामनिर्देशनाबद्दलही, म्हणजे नॉमिनी लावण्याबद्दलही, बायका विचारतात. संयुक्त खात्यात नामनिर्देशित व्यक्तीचा संबंध दोघेही गेल्यानंतरच येतो. १ नोव्हेंबर २०२५ पासून चार जणांपर्यंत नावे देता येतात, म्हणून आम्ही मुलगा आणि मुलगी दोघांचीही निम्मी निम्मी नावे घातली.

यजमानांना बँकेत कशाला नेता, या प्रश्नामागे एक गृहीतही असते, ते म्हणजे वयाने मोठे असलेलेच आधी जाणार, म्हणून सगळे बायकोने शिकून घ्यावे. मी शिकले आहे. पण त्या अकरा दिवसांनी मला दाखवले की मागे राहणारे तेही असू शकतात, आणि तेव्हा पुण्याहून मुलगा येईपर्यंत त्यांना कोणापुढे हात पसरावा लागू नये.

गेल्या महिन्यात एका ठेवीची मुदत संपली. मी मुद्दाम घरी थांबले. यजमान पावती घेऊन एकटेच गेले, आणि रांगेमुळे दीड तासाने परतले. घोटभर पाणी प्यायले, वहीत नवी नोंद केली, आणि मी ताडून आद्याक्षरे करावीत म्हणून वही माझ्यापुढे सरकवली.